दुखण्याचा व्हॉल्यूम

ऑफिसात दुखण्याचं एक अलिखित रेटकार्ड असतं. प्लास्टर असेल तर फुल सहानुभूती, क्रेप बँडेजला हाफ आणि नुसतंच ‘दुखतंय’ म्हणालात, तर भुवया वर! माझी एक मैत्रीण राजगड उतरताना घोटा मुरगळून आली. एक्स-रे एकदम क्लीन. पण रात्री पायावर चादरसुद्धा सहन होईना. सोमवारी तिच्या टीममध्ये कुजबुज सुरू, ‘एवढ्याशा मुरगळण्याचं केवढं नाटक!’

तर मंडळी, हे नाटक नाही, केमिस्ट्री आहे. आणि ती फक्त घोट्यात नाही, पाठीच्या कण्यातही घडत असते.

आपली समजूत साधी असते. जिथे सूज तिथे दुखणं, आणि मज्जारज्जू म्हणजे मेंदूपर्यंत निरोप पोचवणारी नुसती केबल. १९८३ मध्ये लंडनला क्लिफर्ड वुल्फ या संशोधकाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पायाला इजा झाली की मज्जारज्जू स्वतःच जास्त संवेदनशील होतो. केबल कसली, हा तर अ‍ॅम्प्लिफायर निघाला!

मग व्हॉल्यूम वाढवतं कोण? त्यातलं एक नाव म्हणजे कॉक्स-२. हे एक एन्झाइम. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करण्यात त्याचा हात असतो. सुजलेल्या जागी ते वाढतं, हे माहीत होतंच. २००१ मध्ये वुल्फच्या बोस्टनमधल्या टीमने ‘नेचर’मध्ये पुढची गोष्ट छापली. उंदराचा एकच पंजा सुजला, तरी काही तासांत त्याच्या मज्जारज्जूतही कॉक्स-२ वाढतं. पंजाची नस बधिर केली तरी वाढतंच. म्हणजे सुजेची खबर फक्त नसांमधून जात नाही. मज्जारज्जूतलं कॉक्स-२ अडवलं, तेव्हा दुखरेपणा कमी झाला.

मज्जारज्जूत वेदनेचे सिग्नल आवरणारे ब्रेकही असतात. प्रोस्टाग्लँडिन त्यातले काही ढिले करतं, हे २००४ मध्ये दुसऱ्या एका टीमने दाखवलं. ब्रेकच ढिले झाले, की एरवी जाणवतही नाही असा स्पर्श नकोसा होतो. आता त्या चादरीचं गणित सुटतंय ना?

‘मग पर्समध्ये पेनकिलर आहे की!’ आहे ना. आयब्युप्रोफेन काय, डायक्लोफिनॅक काय, या गोळ्या कॉक्सलाच अडवतात. पण कॉक्सची फॅमिली नुसती दुखवत नाही. पोटाचं अस्तर सांभाळणं, किडनीचा रक्तपुरवठा राखणं, ही कामंही तिचीच. फक्त कॉक्स-२ ला अडवणारी रोफेकॉक्सिब ही गोळी मोठ्या थाटात आली होती. हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका दिसल्यावर २००४ मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. तेव्हा रिकाम्या पोटी, दोन कटिंग चहांच्या मध्ये, आठवडाभर स्वतःच्या मनाने गोळ्या ढकलणं बंद करा. दुखणं रेंगाळतंय? डॉक्टरांना गाठा.

आणि शेजारच्या डेस्कवरचं कुणी ‘नुसता हात लागला तरी दुखतं’ म्हणालं, तर एक्स-रे मागू नका. एक खुर्ची सरकवून द्या पाय वर ठेवायला. फक्त ‘नक्की कुठे गं?’ म्हणत बोटाने दाबून बघू नका, प्लीज!