जैतापूर: अणुभट्टी बंद करणारा संगणकच बिघडला तर?

जैतापूर प्रकल्पाचा वाद भूकंप, मासेमारी आणि जमिनीचा मोबदला यांभोवती फिरतो. भट्टी बंद करणाऱ्या यंत्रणेबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात इथे सहा फ्रेंच ईपीआर भट्ट्या प्रस्तावित आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि फिनलंडच्या नियामकांनी एकत्रितपणे याच भट्टीच्या नियंत्रण यंत्रणेवर बोट ठेवलं. रोजचा कारभार पाहणारी यंत्रणा आणि संकटात भट्टी सुरक्षित ठेवणारी यंत्रणा एकमेकींत फार गुंतल्या होत्या. पहिली बिघडली आणि तेव्हाच दुसरीही गेली, तर? ब्रिटननं मग संगणकाविना चालणारी वेगळी राखीव यंत्रणा जोडायला लावली.

भारतात ही छाननी अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. जागा, बांधकाम, चाचण्या, वीजनिर्मिती अशी टप्प्याटप्प्यानं संमती मिळते. कसोटी बांधकामाच्या संमतीवेळीच. एकदा काँक्रीट पडलं, केबलींचे मार्ग ठरले की गुंता सोडवणं महागात पडतं.

माडबनला २०१० मध्ये जनसुनावणी झाली, पण ती पर्यावरण परवानगीसाठी. नियंत्रण यंत्रणेच्या छाननीत गावकऱ्यांसाठी तशी सुनावणी नसते.