मागणीबरहुकूम लॅपटॉप : चौकट कोणती, कडी-कोयंडा कोणता?

गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलेल्या पत्रांत येथील लकडगंजांतल्याच एका वाचक-भगिनीचें पत्र आहे. नांव गाळून त्याचा आशय देण्यास त्यांची अनुमति आहे. पत्र चांगलें चार पानी असून त्यांतील पहिलीं तीन पानें घरच्या मंडळींच्या मागण्यांनीं भरलेलीं आहेत. एकत्र कुटुंब, माणसें अकरा. कन्येस यंदा अभियांत्रिकीच्या संगणक-शाखेंत प्रवेश मिळाला. तिला लॅपटॉप घ्यावयाचा, आणि वडील मंडळींनीं त्यासाठीं ६०,००० रुपये मंजूर केले. येथवर सर्व सुरळीत. परंतु मागणीबरहुकूम यंत्र जुळवून देणाऱ्या एका कंपनीचें संकेतस्थळ उघडून सारी मंडळी भोंवतीं बसली, आणि एकेका भागापुढील पर्याय निवडतां निवडतां बेरीज ८४,००० वर गेली. थोरल्या भाऊजींस सांठवण मोठी हवी, कारण घरांतील लग्नामुंजींचे फोटो एका ठिकाणीं राहावेत. मामंजींस पडदा मोठा हवा. पुतण्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवें, आणि तें म्हणे "ताईच्या अभ्यासाकरितां"! बेरीज खालीं आणण्याची वेळ आली तेव्हां ज्या मुलीकरितां हा खटाटोप तीच म्हणाली, "माझें आठ जी. बी. मध्यें भागेल. तेवढी रॅम कमी करा." सर्वांनीं तिच्या समजूतदारपणाची वाखाणणी केली. भगिनी शेवटीं विचारतात, "हें बरोबर झालें काय?"

आमचें उत्तर, नाहीं. मुलीनें संकोचानें जी एकच गोष्ट सोडली ती पुष्कळ यंत्रांत नंतर देतां येत नाहीं. आणि मंडळींनीं ज्या गोष्टी धरून ठेविल्या त्यांतील बहुतेक पुढें केव्हांही घेतां येतात.

लकडगंज ही नांवाप्रमाणेंच लांकडाची पेठ. चांदा-गडचिरोलीकडील सागवान येथें येऊन पडतें, आरागिरण्यांत चिरलें जातें, आणि गिऱ्हाइकाच्या मापानें कापून मिळतें. सन २०२३ मध्यें दिल्लीस उघडलेल्या नव्या संसद-भवनास नागपुराहून सागवान गेलें, हें आमच्या वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल. या पेठेंत घरासाठीं लांकूड घेणारा शहाणा गृहस्थ काय करतो तें पाहावें. दाराच्या चौकटीस तो गाभ्याचें पक्कें लांकूड घेतो. कडेचा पांढरट भाग तेथें चालवून घेत नाहीं. कडी-कोयंडा, मूठ, रंग यांचा विचार पैसा उरल्यास करतो, न उरल्यास दिवाळीवर ढकलतो. कारण उघड आहे. चौकट बदलावयाची तर भिंत फोडावी लागते. कडी-कोयंडा चार स्क्रू काढले कीं बदलला. लॅपटॉपाच्या आठ-दहा भागांत चौकट कोणती आणि कडी-कोयंडा कोणता, एवढें कळलें कीं साठ हजारांचा प्रश्न निम्मा सुटतो.

गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणें संगणक जुळवून थेट त्याला विकण्याचा धंदा मायकेल डेल यांनीं सन १९८४ मध्यें, टेक्सास विद्यापीठांत विद्यार्थी असतांना, राहत्या खोलींतून सुरू केला. त्या काळच्या टेबलावरील पेटींत जवळजवळ प्रत्येक भाग खांचेंत बसविलेला असे आणि काढतां येई. तीच समजूत आपण लॅपटॉपाच्या बाबतींत बाळगतों. ती आतां सोडली पाहिजे. यंत्र पातळ करण्याच्या हव्यासानें, आणि वेग वाढविण्याच्या व वीज वांचविण्याच्या खऱ्या कारणानेंही, कारखानदार एकेक भाग मुख्य पटावर झाळून टाकूं लागले आहेत. प्रोसेसर बहुतेक सर्वत्र झाळलेलाच असतो. रॅमची गोष्ट नमुन्यागणिक निराळी. ॲपलनें नोव्हेंबर २०२० मध्यें एम-१ चिप आणली तेव्हां रॅम प्रोसेसरच्याच वेष्टनांत घातली. इंटेलनेंही सप्टेंबर २०२४ च्या कोअर अल्ट्रा २००-व्ही मालिकेंत तेंच केलें. अशा यंत्रांत घेतांना जेवढी रॅम, तेवढीच जन्मभर. अमेरिकेंतील फ्रेमवर्क कंपनीनें सन २०२१ पासून मालकास स्वतःच भाग बदलतां यावेत असे लॅपटॉप काढले आहेत. तो स्तुत्य अपवाद होय, नियम नव्हे.

रॅम आणि सांठवण यांचा घोटाळा पुष्कळ घरीं होतो, म्हणून थोडें थांबतों. रॅम म्हणजे स्वयंपाकघरांतील ओटा. सांठवण म्हणजे कोठीची खोली. ओटा अपुरा असेल तर कोठी कितीही भरलेली असो, सुगरणीचा निम्मा वेळ भांडीं उचलून ठेवण्यांत जातो. यंत्राचेंही तसेंच होतें: रॅम भरली कीं तें कामांतली माहिती सांठवणींत नेऊन ठेवतें, पुन्हां आणतें, आणि समोर बसलेलें माणूस वाट पाहत राहतें. संगणक-शाखेच्या विद्यार्थिनीस एका वेळीं ब्राउझर, प्रोग्रॅम लिहिण्याचें साधन, माहितीकोश, आणि प्रसंगीं यंत्राच्या पोटांत दुसरें काल्पनिक यंत्र चालवावें लागतें. आठ जी. बी. मधील बराच ओटा विंडोज-११ च अडवून बसतें. तेव्हां १६ जी. बी. ही चैन नव्हे. चार वर्षांच्या शिक्षणाला तेवढी लागतेच.

आतां झाळलेली रॅम ओळखावी कशी? दुकानदाराच्या तोंडाकडे पाहूं नये. कंपनीचें पत्रक वाचावें. लेनोव्होचें 'पीएसरेफ' नांवाचें संकेतस्थळ प्रत्येक नमुन्याची रॅम कोठें आहे हें स्पष्ट सांगतें. डेल व एच. पी. यांच्या दुरुस्ती-पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. त्यांत झांकण कसें काढावें, रॅम कशी बदलावी, याचीं चित्रें असतात. पत्रकांत 'सोल्डर्ड' किंवा 'ऑनबोर्ड' हा शब्द दिसला आणि खांचेचा उल्लेख नसला, तर ती भिंतींतली चौकट समजावी, आणि १६ जी. बी. आजच घ्यावी. कांहीं नमुन्यांत आठ झाळलेली व एक खांच मोकळी असते. तेथें तूर्त आठवर भागवून दुसरी आठ पुढें बसवितां येते. दोन खांचा असतील तर आठ-आठच्या दोन पट्ट्यांपेक्षां सोळाची एक पट्टी घ्यावी, असें आमचें मत. दोन पट्ट्यांनीं चित्रांचें काम थोडें वेगानें होतें हें खरें, पण पुढें वाढवितांना दोन्ही काढून टाकाव्या लागतात. डी. डी. आर. ४ आणि डी. डी. आर. ५ या जाती एकमेकींच्या खांचेंत बसत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें.

"नंतर घेऊं, स्वस्त होईल" या भरंवशावर मात्र सर्वस्वीं राहूं नये. सन २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळें रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले. ज्यांनीं उद्यांवर टाकलें होतें त्यांस उद्यां महाग पडला. म्हणून मोकळी खांच असली तरी आठ जी. बी. ही तडजोडच समजावी. सोय समजूं नये.

प्रोसेसरच्या नांवांनीं सामान्य माणसाची जी त्रेधा उडते ती पाहून आम्हांस आमच्या संस्कृताच्या वर्गाची आठवण होते. 'हृ' धातु एकच. पण आ, वि, सम्, प्र हे उपसर्ग लागतांच आहार, विहार, संहार, प्रहार असे भलतेच अर्थ निघतात. येथें उपसर्गाऐवजीं शेवटचें अक्षर आहे, इतकेंच. इंटेलच्या आंकड्यांपुढें 'यू' असेल तर प्रोसेसर कमी विजेवर चालणारा, 'एच' असेल तर जोरकस पण तापणारा व बॅटरी खाणारा. ए. एम. डी. च्या सन २०२३ च्या मालिकेंत तर कुळ तिसऱ्या अंकांत दडविलें होतें. रायझन ५ ७५२०-यू आणि रायझन ५ ७५४०-यू हीं नांवें सख्ख्या भावांसारखीं दिसतात. पण पहिल्यांतील रचना सन २०१९ मध्यें प्रथम आलेली झेन-२, चार गाभ्यांची, आणि दुसऱ्यांतील सन २०२२ ची झेन-४, सहा गाभ्यांची. शिवाय ७५२०-यू ला चालणारी रॅम पट जातीची, म्हणजे बहुधा झाळूनच येणारी. नव्या वर्षाच्या वेष्टनांत जुना माल विकणें हें लांकडाच्या पेठेसही नवीन नाहीं. तेथें निदान लांकूड कापून आंतला रंग पाहतां येतो.

प्रोसेसरचें वय पाहण्याचें आणखी एक कारण आहे. विंडोज-१० ला मिळणारें मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज-११ बहुतांशीं इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे प्रोसेसर स्वीकारीत नाहीं. धडधाकट चालणारीं कितीतरी यंत्रें त्या दिवशीं म्हातारीं ठरलीं. रॅम वाढवून ती अडचण सुटत नव्हती.

पडद्याविषयीं मामंजींची मागणी आम्हांस मान्य आहे. फक्त त्यांनीं इंच मोजले, तेथें आम्ही दुसरें कांहीं मोजूं. स्वस्त यंत्रांच्या पत्रकांत '४५ टक्के एन. टी. एस. सी.' आणि '२५० निट्स' असे शब्द असतात. पहिल्याचा अर्थ रंग फिके, दुसऱ्याचा अर्थ उजेड बेताचा. खिडकीपाशीं बसलें कीं अक्षरांऐवजीं स्वतःचा चेहरा दिसतो. ३०० निट्सच्या वर आणि 'आय. पी. एस.' जातीचा पडदा मिळाल्यास घ्यावा. १९२० × १०८० पेक्षां १९२० × १२०० हा पडदा किंचित् उंच असल्यामुळें वाचतांना चार ओळी अधिक दिसतात. पडदा नंतर बदलतां येतो, पण तें भिंत फोडण्याइतकेंच खर्चाचें. मुलीचे डोळे रोज पांच-सहा तास त्यावर राहणार आहेत. तेव्हां संकेतस्थळावर निवड करण्यापूर्वीं टेलिफोन एक्सचेंजपासून मेट्रोनें सीताबर्डीस जाऊन तोच नमुना किंवा त्याचा भाऊ डोळ्यांनीं पाहावा, आणि कळफलकावर एक पानभर मजकूर टाइप करून पाहावा. दुकानदार त्रासिक चेहरा करील, करूं द्यावा.

आतां खास आपल्या गांवाची गोष्ट. ॲपलच्या मॅकबुकांच्या पत्रकांत वापराची मर्यादा १० ते ३५ अंश अशी दिलेली असते. वैशाखांत नागपुरांतील माडीवरच्या खोलीनें ती वाचलेली नाहीं. उष्णतेनें बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि जोरकस प्रोसेसर तापला कीं आपण होऊन मंद होतो. म्हणजे पैसा वेगासाठीं दिला आणि वेग उन्हाळाभर रजेवर! त्यांत लकडगंजांत आरागिरण्यांचा बारीक भुसा हवेंत असतो. तो तळाच्या जाळींतून शिरून पंख्यावर बसतो, आणि कूलरची दमट हवा त्याचा लगदा करते. यासाठीं तळाचें झांकण साध्या स्क्रूंनीं उघडणारें असावें, वर्षांतून एकदां पंखा साफ करवावा, आणि यंत्र गादीवर ठेवूं नये. बॅटरी ही झिजणारीच वस्तु आहे; तिची मूळ कंपनीची बदली मिळते कीं नाहीं हें घेण्यापूर्वीं विचारावें. ग्राहक-व्यवहार खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें 'राइट टु रिपेअर' नांवाचें संकेतस्थळ उघडलें आहे. कंपन्यांच्या दुरुस्तीविषयींची माहिती एका ठिकाणीं मिळावी हा त्याचा हेतु.

राहिलेलें थोडक्यांत. सांठवण ५१२ जी. बी. पुरे, ती एम. २ खांचेंत आहे एवढें पाहावें, म्हणजे पुढें मोठी बसवितां येईल. वाढीव हमी बहुतेक कंपन्या मूळ हमी संपण्यापूर्वीं देतात, ती आज घेण्याची निकड नाहीं. लेखनासाठीं लिबर-ऑफिस मोफत आहे. दुकानदाराकडून खांचेंत कांहीं बसवून घ्यावयाचें झाल्यास मूळ हमी त्यानें बाधित होत नाहीं, असें पावतीवर लिहून घ्यावें. किंमतींत १८ टक्के जी. एस. टी. धरला आहे ना, हेंही विचारावें. बेरीज तेथेंच फसते.

आतां मंडळींच्या अर्जांचा निकाल. थोरल्या भाऊजींनीं फोटोंसाठीं एक वेगळी बाह्य डिस्क घ्यावी व ती आपल्या कपाटांत ठेवावी. लग्नामुंजींचे फोटो मुलीच्या यंत्रांत ठेवणें हें त्या फोटोंच्याही हिताचें नाहीं. पुतण्याचा अर्ज नामंजूर. ग्राफिक्स कार्ड हें चौकटीपैकीं आहे, नंतर बसवितां येत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ताईस त्याचें काम क्वचित् पडेल, आणि पडल्यास गूगल कोलॅबसारख्या सोयींतून तें दूरस्थ यंत्रावर करतां येतें. वास्तुशास्त्राची किंवा त्रिमिति-चित्रांची विद्यार्थिनी असती तर आमचा निकाल उलट झाला असता. त्या वेळींही केवळ नांवावर जाऊं नये: आर. टी. एक्स. ४०५० हें एकच नांव ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंतच्या कार्डांस दिलेलें आहे. या तीन कपातींतून जी रक्कम सुटेल तींतून सर्वांआधीं १६ जी. बी. रॅम घ्यावी, मग पडदा.

पत्राच्या कोपऱ्यांत एक ओळ बारीक अक्षरांत आहे: दोन वर्षांपूर्वीं पुतण्यास यंत्र घेतलें तेव्हां इतका काथ्याकूट झाला नव्हता. वडील मंडळींनीं ती ओळ वाचावी, म्हणून आम्हीं ती येथें मोठ्या अक्षरांत छापविली आहे. पावती व हमीपत्र कन्येच्याच नांवें करावें.

ताज्या कलमांत भगिनींनीं विचारलें आहे, कळफलकावर देवनागरी अक्षरें कोरून घ्यावींत काय? गरज नाहीं. विंडोजमध्यें मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक अंगभूत आहे, आणि सन २०१९ पासून उच्चाराप्रमाणें टाइप करण्याचा मराठी कळफलकही त्यांत मिळतो. इनस्क्रिप्टमध्यें स्वर व मात्रा डाव्या हातास, व्यंजनें बहुतेक उजव्या हातास येतात. बाराखडी पाठ असलेल्यास तो आठ-पंधरा दिवसांत साधतो. मामंजींनींही हात बसवून पाहावा.