स्नायूंना वय कळते, कामही कळते

‘आजी, तुम्ही बसा, मी आणून देते,’ हे वाक्य घरोघरी मायेने उच्चारले जाते. पण ही माया स्नायूंना मानवत नाही.

आपल्या शरीरातील बहुतेक सर्व पेशींत डीएनए सारखाच असतो. कोणते जनुक कोठे जागे राहील, हे मात्र त्यावरील खुणांवर अवलंबून असते. मिथाइल हा लहानसा रासायनिक गट डीएनएवर ठरावीक जागी चिकटतो आणि पुष्कळदा तेथील जनुकाचे काम मंदावते. यालाच ‘डीएनए मिथायलेशन’ म्हणतात. वयानुसार या खुणा बदलत जातात. त्यांतील ३५३ जागा तपासून माणसाच्या वयाचा अंदाज बांधण्याची पद्धत स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३ मध्ये मांडली.

अ‍ॅडम शार्पल्स यांच्या संशोधकगटाला २०२० मध्ये वृद्धांच्या स्नायूंत अशा खुणा तरुणांपेक्षा एकंदरीत अधिक आढळल्या. मात्र अधिक हालचाल असणाऱ्यांत काही जनुकांवरील हा ठसा फिकट दिसला. व्यायामाने वय उलटे फिरते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु स्नायूंवरील वयाची नोंद पुसता न येणारी नाही, एवढी आशा त्यातून मिळते.

शक्ती तर निश्चितच वाढते. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांनी देखरेखीखाली ८ आठवडे वजनांचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. याउलट, सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी व्यक्ती केवळ १० दिवस अंथरुणावर राहिल्या, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो मांस घटले.

आता घरी एक चाचणी करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, हात छातीशी घेऊन, ५ वेळा उठा-बसा. सोबत कोणीतरी असावे. १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर ताकद कमी झाल्याची शंका घ्यावी व डॉक्टरांना सांगावे. बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील सकाळची फेरी उत्तमच; पण तिच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा हे उठणे-बसणेही हवे. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबावे. हृदयविकार असल्यास आधी सल्ला घ्यावा. आहारात डाळ, उसळ, दही, अंडी वा मासे असावेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आणि सांभाळणाऱ्यांनो, आजींना पाण्याचा पेला स्वतः उठून घेऊ द्या. तुम्ही फक्त जवळ उभे राहा.