बटण... बटण... बटण...

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघू नका असं बजावलं होतं. आज परवानगी मिळाली आणि लगेच लिहायला बसले, कारण मनात राग साचलाय. नातेवाईक मंडळींनी सावध होऊन वाचावं. ज्याचा राग आलाय तो आपल्याच घरातला आहे आणि हा ब्लॉग तो नेमाने वाचतो. त्याला समोरासमोर बोललेच आहे, तेव्हा पाठीमागे बोलल्याचा दोष मला लागू नये.

झालं असं. दिवाळीत भाचा आला होता. पुण्यात कंपनीत असतो, वेबसाइटी बनवतो. अलीकडेच त्याच्या चमूने शिकवणीच्या व्हिडिओंसाठी एक प्लेअर तयार केलाय. प्लेअर म्हणजे व्हिडिओ ज्या चौकटीत चालतो ती चौकट आणि तिच्याखालची बटणं. मोठ्या कौतुकाने त्याने तो मला दाखवला. दिसायला खरंच देखणा होता. गडद पार्श्वभूमी, नाजूक चिन्हं, माउस नेला की अलगद वर येणारी पट्टी. मीही 'वा' म्हटलं.

त्याच वेळी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. १९९४ साली आठवीत माझ्या वर्गात होता. जन्मापासून दिसत नाही. आज बँकेत नोकरी करतो, संसार उत्तम चाललाय. भाच्याने सांगितलं की यावर नववीचं विज्ञान आहे, तसा तो सरसावून बसला. "माझी मुलगी नववीतच आहे, बघू तरी." दिसत नसलेली माणसं 'बघू' म्हणतात, त्यात आपण अवघडण्यासारखं काही नसतं.

त्याच्या खिशात एक पेन ड्राइव्ह असतो, त्यात एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारी ही प्रणाली, फुकट मिळते. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने ती लिहायला सुरुवात केली. पेन ड्राइव्हवरूनच चालते, दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये बसवावी लागत नाही. त्याने पेन ड्राइव्ह लावला, की-बोर्डवरची टॅब दाबली आणि यंत्र बोलू लागलं.

"बटण." पुन्हा टॅब. "बटण." पुन्हा. "बटण."

प्ले कुठलं, आवाज कुठला, मागे जायचं कुठलं, काही कळेना. अंदाजाने एक दाबलं तर व्हिडिओ दणदणीत आवाजात सुरू झाला आणि त्या आवाजात स्क्रीन रीडरचा आवाज बुडाला. थांबवायचं तर बटण शोधायला हवं, शोधायचं तर यंत्राचं ऐकू यायला हवं, आणि ऐकू यायचं तर व्हिडिओ थांबायला हवा! तो टॅब दाबत राहिला, पण टॅब त्या चौकटीतच गोल गोल फिरत होती, बाहेर पडेचना. शेवटी त्याने खिडकीच बंद केली आणि हसून म्हणाला, "राहू दे बाई, मुलगीच मला समजावून सांगेल."

तो गेल्यावर मी भाच्याला विचारलं, "हे असं कसं रे?" तेव्हा तो जे बोलला त्यासाठी हा लेख.

"अगं आत्या, असे कितीसे लोक असतात?"

बाळा, मोजूनच सांगते. २०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांग म्हणून नोंदलेली माणसं २ कोटी ६८ लाख. त्यात दृष्टीचे सुमारे ५० लाख, कानाचे आणखी सुमारे ५० लाख. हे नोंद झालेले. आमच्या ह्यांची नोंद त्यात नाही. कानात मशीन घातल्याशिवाय त्यांना दाराची बेलही ऐकू येत नाही, पण कुणी विचारलं तर म्हणतात, "छे, मला काही झालेलं नाही." माझीही नाही. गेले दोन महिने तुझी ती नाजूक करड्या रंगाची चिन्हं मला पुसटसुद्धा दिसली नसती. शेजारच्या काकूंचे हात थरथरतात, सहा मिलीमीटरच्या बटणावर त्यांचं बोट टेकत नाही, त्याही नाहीत. तू पण एक दिवस सत्तरीचा होशील हो.

पण खरं सांगू? आकड्यांचा हा वाद मला करायचाच नाहीये. त्या वर्षी आठवीच्या पटावर ५३ मुलं होती आणि न दिसणारा एकच होता. 'कितीसे असतात?' या हिशेबाने मी त्याला दारात उभं करायला हवं होतं. मी फार काही केलं नाही. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने बोलत गेले, एवढंच. तो ब्रेलच्या पाटीवर टोचून घ्यायचा. वर्ष संपेपर्यंत लक्षात आलं की मागच्या बाकावरची मुलंही वही नीट उतरवू लागलीत, कारण त्यांनाही माझं अक्षर तिथून लागत नव्हतं.

व्हिडिओखालच्या अक्षरांचंही तसंच. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवायची कल्पना मांडली आणि दूरदर्शनच्या चित्रहारमध्ये ती आली. हेतू हा, की जेमतेम वाचता येणाऱ्यांचं वाचन गाणी बघता बघता सुधारावं. कानाने अधू असलेल्यांना जे हवं, त्याचा असा इतरांनाही उपयोग. हल्ली हा मुद्दा सगळे सांगतात, 'बघा, सर्वांचाच फायदा!' खरं आहे, पण मला तो थोडा खटकतो. मागच्या बाकाला काहीच फायदा झाला नसता तरी फळा वाचून दाखवणं माझं कामच होतं. एकाचा हक्क मान्य करायला बाकीच्या बावन्न जणांचा फायदा कशाला दाखवावा लागतो?

भाच्याचं दुसरं म्हणणं, "खर्च वाढतो, वेळ जातो." म्हणून खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं ते असं. प्रत्येक ब्राउझरमध्ये व्हिडिओचा साधा प्लेअर मुळातच असतो. त्याच्या बटणांना नावं असतात, तो की-बोर्डवर चालतो. सर्वगुणसंपन्न नसेल, पण कामचलाऊ नक्की आहे. यांनी तो झाकून टाकला, कारण "दिसायला बरा नाही". वर आपली चित्रं बसवली आणि त्या चित्रांना नावं द्यायची राहून गेली. त्रिकोण दिसतो, पण कोडमध्ये 'प्ले' हा शब्दच लिहिलेला नाही. मग यंत्र बिचारं काय वाचणार? हजेरीपटावर नावांच्या जागी 'मुलगा, मुलगा, मुलगी' लिहून ठेवावं आणि मग हजेरी घ्यायला बसावं, तसं झालं हे. म्हणजे माणसांना बाहेर ठेवण्यासाठी यांनी जास्तीची मेहनत केली, आणि त्यांना आत घ्यायचं म्हटलं की खर्च आठवतो! घर बांधतानाच खिडकी ठेवली तर वेगळा खर्च येत नाही. घर झाल्यावर भिंत फोडायची तर येतो, आणि तो दोष खिडकीचा नसतो.

तिसरं म्हणणं ऐकून तर मी उठूनच उभी राहिले. "त्यांच्यासाठी आपण एक वेगळं साधं पान करू."

वेगळी पंगत! या महाराष्ट्रात वेगळी पंगत आणि वेगळा पाणवठा म्हणजे काय, हे मी इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षं शिकवलं आणि माझ्याच घरातला मुलगा कौतुकाने वेगळं पान मांडायला निघाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण वेगळ्या पानावर काय होतं? मूळ पानावर नवा धडा येतो, तिथे येत नाही. कारण तिकडे बघणारं, तक्रार करणारं कुणी नसतं. आणि बापलेकींनी एकाच लॅपटॉपसमोर बसून एकच धडा बघायचा असेल, तर तिने एका पानावर बसायचं आणि त्याने दुसऱ्या?

हे सगळं काल परवा निघालेलं खूळ आहे असंही कुणी समजू नये. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने नियमावली काढली ती १९९९ साली. बाळा, तेव्हा तू पहिलीत होतास. तिची दुसरी आवृत्ती आली २००८ साली, तेव्हा तू दहावीत. आवाज आपोआप सुरू होऊन तीन सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल तर तो थांबवायची सोय हवी, की-बोर्डने आत गेलेल्याला की-बोर्डनेच बाहेर पडता यायला हवं, प्रत्येक बटणाला नाव हवं, व्हिडिओत बोललेलं अक्षरांत हवं आणि पडद्यावर नुसतं दिसणारं शब्दांत सांगायला हवं. हे सगळं तेव्हापासून त्यात आहे.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. माध्यमांतला मजकूर सर्वांना घेता यावा, त्यासाठी दृश्याचं वर्णन, खुणांची भाषा आणि खाली अक्षरं असावीत, यासाठी सरकारने पावलं उचलावीत असं त्याचं ४२ वं कलम सांगतं. सेवा देणारे सरकारी असोत की खासगी, त्यांना नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सोयी वापरता येणं हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ते प्रकरण आठवलं की अंगावर काटा येतो. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या एका स्त्रीला बँकेच्या पडताळणीसाठी पापण्या मिटून दाखवायला सांगितलं होतं. तो नियम करणारा कुणी दुष्ट नसणार. 'असे कितीसे लोक असतात' एवढंच त्याच्या मनात आलं असेल. किंवा तेवढंही आलं नसेल.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हा राग प्रामाणिक होणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मी मराठी व्याकरणाचे अकरा व्हिडिओ केले होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते बघून शाबासकी दिली होती. तो वाद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याला फोन केला, आदल्या दिवशीबद्दल वाईट वाटलं म्हणाले. तो म्हणाला, "त्यात काय बाई, सवय आहे." मग जरा थांबून, "तुमचे व्याकरणाचे व्हिडिओ मुलीसाठी लावले होते. पण 'हे इथे बघा, याचं हे झालं, म्हणून हा समास' असं तुम्ही म्हणता, ते 'हे' म्हणजे काय ते कळत नाही. वर्गात तुम्ही असं नव्हता बोलत."

काय उत्तर देणार? वर्गात तो समोर बसलेला असायचा. कॅमेऱ्यासमोर तो दिसला नाही आणि मी त्याला विसरले. भाच्यात आणि माझ्यात फरक तो काय? त्याने प्लेअर बनवताना त्याला धरलं नाही, मी धडा बनवताना. वर ह्यांच्यासाठी खाली अक्षरंही घातली नव्हती. नवऱ्याने पाच वर्षांत माझा एकही व्हिडिओ पुरता ऐकलेला नाही, हे मला परवा कळलं. बिचारे नुसते मान डोलवत होते!

आता सुधारायला घेतलंय. पहिल्या व्हिडिओला अक्षरं घातली. नऊ मिनिटांच्या व्हिडिओला डोळे सांभाळून दोन दुपारी गेल्या. यंत्राकडून आयती अक्षरं काढून घेता येतात म्हणतात, पण 'बहुव्रीही'चं यंत्र काय करेल याचा मला भरवसा नाही, तपासावं लागणारच. जिथे 'हे' म्हटलं होतं ते भाग पुन्हा रेकॉर्ड करतेय. दहा राहिलेत.

तुम्ही मंडळीही बारशाचे, मुंजीचे, सहलींचे व्हिडिओ टाकता, ब्लॉगवर गाणी लावता, काही जण तर पान उघडताच वाजणारी. एकच विनंती. टाकण्याआधी तीन परीक्षा घ्या. माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या की-बोर्डवर व्हिडिओ सुरू करून थांबवून बघा. आवाज पूर्ण बंद करून बघा, काय चाललंय ते कळतं का. आणि डोळे मिटून ऐका, काही उरतं का. पाच मिनिटं लागतात. या परीक्षेत मी स्वतः नापास झालेय, तेव्हा लाजू नका.

आणि बाळा, तू हे वाचत असशीलच. त्या दिवशी फणकाऱ्याने निघून गेलास, चकल्यांचा डबा इथेच राहिला. संक्रांतीला ये, गुळपोळ्या करते. त्यालाही बोलावणार आहे, लेकीला घेऊन ये म्हणून. तू तुझा लॅपटॉप आण. माउस मात्र पुण्यालाच ठेव.