बचावपटूचा बचाव कोणी करावा?

१० मे १९७० रोजी बॉस्टन येथे टिपलेले एक छायाचित्र उत्तर अमेरिकेतील क्रीडारसिकांच्या घराघरांत पोचलेले आहे. बॉस्टन ब्रुइन्स संघाचा २२ वर्षांचा बचावपटू बॉबी ऑर त्यात बर्फाच्या मैदानावर अधांतरी आडवा तरंगताना दिसतो. सेंट लुई संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, जादा वेळेच्या ४० व्या सेकंदाला त्याने विजयी गोल केला आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याने त्याला पाडले. पडतापडताही त्याचे दोन्ही हात आनंदाने उंचावलेले होते. २९ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर बॉस्टनला स्टॅन्ली कप मिळाला होता. या घटनेला नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, नोव्हेंबर १९७८ मध्ये, हाच खेळाडू वयाच्या ३० व्या वर्षी निवृत्त झाला. डावा गुडघा कायमचा निकामी झाला होता. पुढे १९८० च्या सुमारास त्याच्या हिशेबाची मांडणी झाली, तेव्हा मालमत्तेपेक्षा देणीच अधिक निघाली.

आपल्या व्यवसायात ज्याची बरोबरी कोणी करू शकले नाही, त्याच्यावर ही पाळी का यावी? उधळपट्टी, व्यसन, दुर्दैव अशी नेहमीची उत्तरे येथे लागू पडत नाहीत. ऑरची कहाणी ही मुळात श्रमाच्या बाजाराची कहाणी आहे. तिच्या आधीची आणि नंतरची अशी आणखी दोन बचावपटूंची चरित्रे तिच्याशेजारी ठेवली म्हणजे तिचा अर्थ उलगडतो.

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. कॅनडाची हॉकी बर्फावरची. सुमारे ६१ मीटर लांबीच्या बंदिस्त मैदानावर, पायात धारदार पात्यांचे बूट घालून खेळाडू विलक्षण वेगाने सरकतात आणि ‘पक’ नावाची टणक रबरी चकती काठीने फटकावतात. अंगावर धडक देणे हा येथे नियमबाह्य प्रकार नसून खेळाचाच भाग आहे. गोलरक्षकाखेरीज पाच जण एका वेळी मैदानात असतात. त्यांपैकी दोघे बचावपटू. चढाई करणाऱ्याला अडवायचे, प्रसंगी सुसाट येणारी चकती स्वतःच्या अंगावर झेलायची आणि गोलरक्षकासमोरची जागा मोकळी ठेवायची, हे त्यांचे काम. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. न झालेल्या गोलाची नोंद कोठेच होत नाही. ज्याच्या कामाचे मोजमाप कठीण, त्याच्या कामाचे मोल ठरवण्याचा अधिकार साहजिकच मोल देणाऱ्याकडे जातो.

एकच ग्राहक

अर्थशास्त्रात विक्रेत्याच्या मक्तेदारीची चर्चा पुष्कळ होते. त्या मानाने ग्राहकाच्या मक्तेदारीकडे लक्ष कमी जाते. १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे सहा संघ होते. बचावपटूंच्या जागा सगळ्या मिळून तीस-पस्तीस. एका संघाच्या कागदावर सही केली की खेळाडू त्या संघाचा झाला. संघाने त्याला विकावे, बदलावे, दुय्यम संघात धाडावे. मात्र खेळाडूला आपल्या मर्जीने दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. सहा मालक असले तरी प्रत्येक खेळाडूपुरता ग्राहक एकच होता.

या व्यवस्थेला पहिले आव्हान मिळाले ते फेब्रुवारी १९५७ मध्ये. डेट्रॉइट संघाचा टेड लिंडसे याने खेळाडूंची संघटना उभारली. तिचा उपाध्यक्ष होता मॉन्ट्रियल कॅनडियन्सचा डग हार्वी, त्या काळचा सर्वश्रेष्ठ बचावपटू. उत्कृष्ट बचावपटूसाठी असलेला नॉरिस चषक त्याने आठ वर्षांत सात वेळा जिंकला. संघटनेच्या मागण्या क्रांतिकारक मुळीच नव्हत्या. निवृत्तिवेतन निधीत खेळाडू वर्षाला ९०० डॉलर भरीत. त्या निधीच्या हिशेबाची वही पाहू द्या, ही त्यांतली एक प्रमुख मागणी होती. वही दाखवली गेली नाही. उलट त्याच वर्षी लिंडसेची रवानगी शिकागोच्या दुबळ्या संघात झाली आणि पुढच्या काही महिन्यांतच संघटना मोडली. हार्वीला हात लावणे मॉन्ट्रियलला त्या वेळी परवडणारे नव्हते. १९६१ मध्ये त्यालाही न्यूयॉर्कला धाडण्यात आले. संघाने वयाचे कारण पुढे केले असेल. हार्वीला मात्र ती संघटनेची शिक्षा वाटली. न्यूयॉर्कला जाताच त्याने नॉरिस चषक आणखी एकदा जिंकला, हे वयाच्या सबबीला पुरेसे उत्तर होते. उतारवयात व्यसनाने ग्रासलेला हा खेळाडू काही काळ ओटावाजवळच्या शर्यतीच्या मैदानावर रेल्वेच्या एका जुन्या डब्यात राहत होता. १९८९ मध्ये तो वारला. त्याच्या व्यसनाचा दोष मालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच्या पिढीला निवृत्तीनंतर आधार उरला नाही, याची जबाबदारी त्यांना टाळता येणार नाही.

तारणहाराचा उदय

बॉबी ऑरचा जन्म १९४८ चा, ऑन्टॅरिओ प्रांतातील पॅरी साउंड या छोट्या गावातला. वडील स्फोटकांच्या कारखान्यात कामगार. वयाच्या १४ व्या वर्षी बॉस्टनने त्याला कागदावर बांधून घेतले. मोबदल्यात कुटुंबाला मिळाले ते थोडे पैसे, एक मोटार आणि घराच्या भिंतींना नवा गिलावा. मुलगा १८ वर्षांचा झाला तेव्हा संघाने वर्षाला सात-आठ हजार डॉलर देऊ केले. वडिलांनी टोरांटोचे एक तरुण वकील ॲलन ईगल्सन यांना मध्ये घातले. त्यांच्या वाटाघाटीतून १९६६ मध्ये जो करार झाला, तो लीगमधील नवख्या खेळाडूला तोवर मिळालेला सर्वांत मोठा करार मानला जातो. दुसऱ्याच वर्षी ईगल्सन यांच्याच पुढाकाराने खेळाडूंची नवी संघटना उभी राहिली आणि या वेळी मालकांना ती मान्य करावी लागली. दहा वर्षांपूर्वी लिंडसे आणि हार्वी यांना जे साधले नाही, ते एका वकिलाने साधले होते. खेळाडूंनी त्याला तारणहार मानले, यात नवल नाही.

ऑरच्या पराक्रमाचे आकडे आजही थक्क करतात. १९६८ पासून सलग आठ वेळा नॉरिस चषक. १९७० आणि १९७५ मध्ये लीगमधील सर्वाधिक गुण, जे दुसऱ्या कोणत्याही बचावपटूला अद्याप जमलेले नाही. १९७०-७१ च्या हंगामातील १३९ गुण हा बचावपटूचा आजवर न मोडलेला विक्रम. मागे उभे राहून अडवणे एवढेच बचावपटूचे काम, ही समजूतच त्याने मोडली. स्वतःच्या गोलापासून चकती घेऊन निघावे, सारे मैदान पार करावे आणि चढाई फसलीच तर सर्वांच्या आधी परतावे, ही त्याची रीत. १९७१ मध्ये त्याने वर्षाला दोन लाख डॉलरप्रमाणे पाच वर्षांचा करार केला. लीगमधील दहा लाख डॉलरचा तो पहिला करार. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि खेळाडूंचे वेतन झपाट्याने वाढू लागले. खेळाडूंचे कौशल्य एका रात्रीत वाढलेले नव्हते. बाजारात दुसरा ग्राहक आला होता, इतकेच.

गुडघ्यांवरचे भांडवल

यंत्राची झीज धरून कारखानदार दरवर्षी घसारा बाजूला काढतो. खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. त्याचा घसारा कोणी काढायचा? ऑरचा डावा गुडघा पहिल्याच हंगामात दुखावला. दुर्बिणीतून होणाऱ्या आजच्या शस्त्रक्रिया तेव्हा प्रचारात नव्हत्या. सांधा उघडायचा, फाटलेली कूर्चा काढून टाकायची आणि खेळाडूला पुन्हा बर्फावर उतरवायचे, असा परिपाठ होता. अशा शस्त्रक्रियांची संख्या डझनाच्या पुढे गेली. १९७६ च्या कॅनडा चषक स्पर्धेत तो जवळजवळ एका पायावर खेळला आणि तरीही सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच वर्षी तो बॉस्टन सोडून शिकागोला गेला. तेथील तीन हंगामांत मिळून त्याला खेळता आले अवघे २६ सामने. जेथे खेळलोच नाही तेथला पगार घेणार नाही, असे म्हणून त्याने शिकागोचे धनादेश वटवले नाहीत, असे सांगतात.

हे स्थलांतर खरोखर आवश्यक होते काय? बॉस्टनने ऑरला वेतनाखेरीज संघाची १८.५ टक्के मालकी देऊ केली होती. ही गोष्ट आपल्याला सांगितलीच गेली नाही, असे ऑरचे म्हणणे. ईगल्सन यांनी हा आरोप नाकारला. शिकागोचे संघमालक हे ईगल्सन यांचे निकटचे स्नेही होते, हे मात्र सर्वश्रुत आहे. गुडघा गेलेल्या कामगाराला कारखान्यात भाग मिळत होता आणि तो त्याच्या हाती पडला नाही, एवढे निर्विवाद. ज्याला ऑर वडील भावासारखा मानीत होता, त्याच्याशी १९८० मध्ये त्याने संबंध तोडले.

कुंपणच शेत खाते तेव्हा

ईगल्सन यांचा स्वभाव हा येथे गौण मुद्दा आहे. एकच गृहस्थ खेळाडूंच्या संघटनेचे कार्यकारी संचालक, अनेक खेळाडूंचे खासगी प्रतिनिधी आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे संयोजक होते. संघटनेचे हित, अशिलाचे हित आणि स्वतःचे हित यांत विरोध आला, तर निवाडा करणारेही तेच. अशा रचनेत सज्जन माणूसही घसरण्याचा संभव असतो; येथे काय झाले ते पुढे न्यायालयातच उघड झाले.

ते उघडकीला आणण्यात तिसऱ्या बचावपटूचा वाटा मोठा आहे. टोरांटोच्या संघातून तीनदा स्टॅन्ली कप जिंकलेला कार्ल ब्रूअर निवृत्तीनंतर एकच प्रश्न विचारीत राहिला: निवृत्तिवेतन निधीतील पैसा गेला कोठे? लोक त्याला हेकट म्हणत. १९९१ मध्ये तो आणि गॉर्डी हाऊ, बॉबी हल यांच्यासारखे आणखी सहा निवृत्त खेळाडू न्यायालयात गेले. निधीत साचलेले आधिक्य मालकांनी स्वतःच्या वर्गणीचा भार हलका करण्यासाठी वापरले होते. तो पैसा खेळाडूंचा आहे, असा निर्णय १९९२ मध्ये ऑन्टॅरिओच्या न्यायालयाने दिला. १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगला अपिलाची परवानगी नाकारली आणि चार कोटींहून अधिक डॉलर निवृत्त खेळाडूंना मिळाले. १९५७ मध्ये जी वही उघडली गेली नव्हती, ती ३५ वर्षांनी न्यायाधीशांपुढे उघडली गेली.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथील एका लहान दैनिकाचा क्रीडासंपादक रस कॉन्वे याने ईगल्सन यांच्या व्यवहारांचा माग काढला. जायबंदी खेळाडूचा विम्याचा दावा आधीच मंजूर झालेला असताना, तो मिळवून देण्यासाठी झगडत असल्याचे भासवून त्याच्याकडून मोबदला घेणे, स्पर्धांच्या पैशाला वाटा फोडणे, असे प्रकार बाहेर आले. जानेवारी १९९८ मध्ये ईगल्सन यांनी बॉस्टन आणि टोरांटो येथील न्यायालयांत फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. दहा लाख कॅनडियन डॉलर दंड आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली; त्यांपैकी सुमारे सहा महिने त्यांनी तुरुंगात काढले.

या साऱ्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. लाखांनी कमावणाऱ्या खेळाडूंसाठी हळहळ कशाला? त्यांच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. समजून घेण्याचे मात्र आहे. वेतन मोठे असल्याने नात्याचे स्वरूप बदलत नाही. ज्याची कमाई दहा-बारा वर्षांत आटोपते, ज्याचे शरीर हेच साधन आणि ज्याचा करार दुसराच वाचतो, तो धनवान असूनही परावलंबी असतो. ऑरसारख्या अद्वितीय कामगाराची ही गत झाली, तर संघातल्या सहाव्या बचावपटूची काय झाली असेल?

अनुभवातून लीग काही शिकली. १९९० मध्ये संघटनेने खेळाडूंची वेतने एकमेकांना कळतील अशी व्यवस्था केली आणि एवढ्याने त्यांना भाव मागता येऊ लागला. त्याच वर्षी स्कॉट स्टीव्हन्स या बचावपटूला सेंट लुई संघाने पन्नास लाखांहून अधिक डॉलर देऊन नेले. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत बुडाल्यावर वेतनावर मर्यादा आली. परंतु उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ठरवायचा म्हणजे उत्पन्न दाखवणे भाग पडले. घसाऱ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. गुडघ्याची जागा आता मेंदूने घेतली आहे. बचावपटू स्टीव्ह माँटडॉर २०१५ मध्ये अवघ्या ३५ व्या वर्षी गेला. वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा मेंदूचा विकार त्याच्या शवचिकित्सेत आढळला. २०१८ मध्ये लीगने माजी खेळाडूंच्या दाव्यांत तडजोड केली, ती जबाबदारी मान्य न करताच.

तीन बचावपटूंच्या या चरित्रांतून निघणारा बोध बर्फाच्या मैदानापुरता नाही. हार्वीपाशी धैर्य होते, पण संघटना टिकली नाही. ऑरच्या काळी संघटना होती, पण तिच्यावर देखरेख नव्हती. ब्रूअरपाशी यांतले काहीच नव्हते. होता तो केवळ हिशेब मागण्याचा चिवटपणा, आणि अखेर उपयोगी पडला तोही तोच. संघटना हवीच, प्रतिनिधीही हवा. परंतु दोघांच्याही वह्या उघड्या हव्यात आणि दोन्ही पदे एका माणसाकडे असता कामा नयेत. विश्वास हा सद्गुण खरा, तथापि तो हिशेबाच्या जागी बसवला की त्याची किंमत विश्वास ठेवणाऱ्यालाच मोजावी लागते. ऑरने पुढे स्वतःच खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून काम पत्करले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोलाचे रक्षण केलेल्या माणसाने तरुणांना त्यांचे करार वाचून दाखवण्याचे काम हाती घ्यावे, यापेक्षा त्या अनुभवाचा दुसरा अधिक चांगला उपयोग सांगता येणार नाही.