नफा कंपनीचा, जोखीम मुलुंडच्या ग्राहकाची

नफा हे जोखीम पत्करल्याचे पारितोषिक होय, असे भांडवलशाहीचे अर्थशास्त्र सांगत आले आहे. महाराष्ट्राच्या वीजक्षेत्रात मात्र पारितोषिक एकाला व जोखीम दुसऱ्याला, अशी वाटणी रूढ झाली असून, नव्या कोळसा-वीजकेंद्राच्या निमित्ताने ती आणखी पंचवीस वर्षे चालू राहणार आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने अदानी समूहाला ६,६०० मेगावॅट विजेचे इरादापत्र दिले. त्यांपैकी ५,००० मेगावॅट सौर वीज असून तिचा दर युनिटला २ रुपये ७० पैसे, संपूर्ण मुदतीसाठी स्थिर आहे. उरलेली वीज नव्या कोळसा-केंद्रातून यावयाची आहे व तिचा दर कोळशाच्या किमतीशी बांधलेला आहे. दोहोंची सरासरी म्हणून ४ रुपये ८ पैसे हा आकडा जनतेपुढे ठेवण्यात आला. सरासरी ही मोठी सोयीची गोष्ट आहे; स्वस्त सूर्याआड महाग कोळसा बेमालूम झाकता येतो.

मुंबईच्या उपनगरांत अंधेरी-बोरिवलीचा बहुसंख्य ग्राहक २०१८ पासून अदानींच्या वीजकंपनीचा आहे. मुलुंड-भांडुपचा ग्राहक सरकारी महावितरणचा. पण या करारामुळे त्याच्याही देयकातील पैसा त्याच समूहाकडे आणखी मोठ्या प्रमाणात वळेल.

कोळसा-विजेच्या दराचे दोन भाग असतात. इंधनाचा आकार वीज घेतली तरच द्यावयाचा. स्थिर आकार मात्र केंद्र उपलब्ध असले की वीज न घेताही द्यावाच लागतो. दिवसा सौर वीज मुबलक झाली की कोळसा-केंद्रे मंद चालवावी लागतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी त्यांना ५५ टक्के भारापर्यंत उतरण्यास सांगितलेच आहे. म्हणजे तोच स्थिर आकार कमी युनिटांवर वाटला जाणार. एकाच करारात सूर्य व कोळसा एकत्र बांधणाऱ्यांना हे साधे गणित ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.

नियम बदलले तर काय? त्याचीही तरतूद आहे. देशी कोळशाच्या धोरणातील बदलामुळे तिरोडा केंद्रास पडलेल्या तुटीची भरपाई महावितरणने द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम केले. कराराच्या भाषेत याला ‘कायद्यातील बदल’ म्हणतात. आता गंधकवायू रोखणाऱ्या यंत्रणेकडे पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कडक मर्यादा घातल्या, मुदती वारंवार वाढविल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट दिली. वस्तुतः उपनगरांना वीज देणाऱ्या डहाणू केंद्रावर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणाच्या आग्रहामुळे ती २००७ मध्येच बसली होती. उद्या न्यायालयाने वा नव्या सरकारने ही सूट काढली, तर तो खर्च पुन्हा ‘कायद्यातील बदल’ म्हणून ग्राहकाच्याच माथी येईल. आज धूर त्याचा, उद्या देयकही त्याचेच!

ज्याला खरेदीचा करार मिळत नाही, त्याची जोखीम सरकारी वित्तसंस्था वाहतात. सिन्नरचा १,३५० मेगावॅटचा प्रकल्प खरेदीदाराविना व कोळशाच्या रेल्वेमार्गाविना वर्षानुवर्षे पडून राहिला आणि दिवाळखोरीत गेला. त्यात पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आदींचा पैसा अडकला. मार्च २०१८ च्या संसदीय समितीच्या अहवालात अशा ३४ संकटग्रस्त कोळसा-प्रकल्पांची नोंद आहे. त्यांचे थकलेले कर्ज सुमारे पावणेदोन लाख कोटी.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. दाभोळचे केंद्र कोळशाचे नव्हे, नॅफ्थ्याचे. परंतु १९९३ च्या एन्‍रॉन कराराची रचना हीच होती. गोरेगावच्या मृणालताई गोरे त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरविण्यात आले. २००१ मध्ये वीज मंडळाला ती वीज परवडेना आणि केंद्र बंद पडले.

सायंकाळच्या मागणीसाठी कोळसा अटळ आहे, असे आता सांगितले जाते व १२ ऑक्टोबर २०२० च्या अंधाराची आठवण दिली जाते. पण तो अंधार कळवा-पडघा परिसरातील पारेषण वाहिन्या निकामी झाल्याने पसरला. वीजकेंद्रांच्या कमतरतेने नव्हे. खारघर-विक्रोळी वाहिनी वर्षानुवर्षे रखडून ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरी झाली. सायंकाळची गरज खरीच आहे. परंतु घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून पाणी वर चढवून ती भागवीत आहे. तशा प्रकल्पांची व बॅटऱ्यांची तुलना स्थिर आकारासह कोळशाच्या दराशी करून वीज नियामक आयोगाने ती मुलुंड-भांडुपच्या ग्राहकांपुढे मराठीत मांडावी, आणि तोपर्यंत कोळशाच्या एकाही नव्या खरेदी कराराला मान्यता देऊ नये.