आकडा जागेवरच असतो, रकाना अरुंद पडतो

घरखर्चाचा किंवा सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब संगणकावर, एक्सेलमध्ये मांडावा, महिनाअखेरीस बेरीज करावी आणि रकमेच्या जागी नुसते #### दिसावे! अनेक जणींची इथेच घाबरगुंडी उडते. पुसून पुन्हा लिहिले तरी तेच. खरे तर रक्कम जिथल्या तिथे असते. रकाना तिला पुरत नाही, एवढेच.

एखादे लांबलचक नाव चौकटीत मावले नाही, तर ते शेजारच्या रिकाम्या चौकटीवर पसरते. शेजार भरलेला असेल, तर उरलेली अक्षरे झाकली जातात. रकमेचे असे करून कसे चालेल? १,२५,००० पैकी फक्त १,२५ दिसले, तर वाचणारा फसणारच. म्हणून अर्धी रक्कम दाखवण्याऐवजी सगळी चौकटच चिन्हांनी भरली जाते. दिसायला विचित्र, पण शहाणपणाची सोय!

उपाय अगदी सोपा आहे. रकान्यांच्या माथ्यावर इंग्रजी अक्षरे असतात. आपल्या रकान्याच्या अक्षराच्या उजव्या रेघेवर माऊस न्या. बाण दुतोंडी झाला की दोनदा क्लिक करा. सर्वांत लांब मजकूर मावेल इतका रकाना आपोआप रुंद होतो. पत्त्यासारखा मजकूर असेल, तर रकाना ताणत बसू नका. छापताना कागदाबाहेर जाईल. त्याऐवजी ‘रॅप टेक्स्ट’ निवडा, म्हणजे मजकूर खालच्या ओळीत उतरतो. ओळ उंच झाली नाही, तर डावीकडच्या ओळ-क्रमांकाखालच्या रेघेवर तसेच दोनदा क्लिक करा. (तारखांची वजाबाकी उणे आली तरी #### दिसते. तिथे रकाना कितीही वाढवा, उपयोग नाही, तारखाच तपासा.)

खरी काळजी घ्यायची ती बँकेच्या खाते क्रमांकाची. काही बँकांचे क्रमांक १६ अंकी असतात. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळते; सोळाव्याच्या जागी मुकाट्याने शून्य घालते. सुरुवातीचे शून्य तर गाळूनच टाकते. इथे धोक्याची खूण म्हणून #### येईलच असे नाही. मधे इंग्रजी ‘ई’ असलेले आखूड रूप दिसते आणि ते नीट केले की क्रमांक वरवर बरोबरच वाटतो. म्हणून लिहिण्यापूर्वीच तो रकाना निवडून ‘टेक्स्ट’ असा प्रकार ठरवावा. आधी लिहून नंतर प्रकार बदलला किंवा रकाना रुंद केला, तरी गेलेला अंक परत येत नाही; पासबुक काढून क्रमांक पुन्हा लिहावा लागतो.